घरात, अंगणात, वेशीबाहेर

“ती पिशवी मागं ठेवू का, काकू?”

“नको. मांडीवर बरी आहे,” काकू म्हणाली आणि एका हातानं पिशवी पोटाशी धरून जीपमध्ये चढली. चढताना तिचा तोल गेला, तरी पिशवी काही तिनं सोडली नाही.

मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी आई केव्हाची येऊन बसली होती आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे एकटक बघत होती. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. डाव्या खिडकीशी काकू बसली आणि मधली जागा मला आली. पुढं काकाशेजारच्या सीटवर ओटीचं सामान, नारळ, हार आणि माझ्या लग्नाच्या पत्रिका होत्या, त्यामुळे पळून जाऊन तिथं बसायचीही सोय नव्हती. मिरजेहून तुळजापूर म्हणजे तेव्हाच्या रस्त्यानं चांगला सहा-सात तासांचा प्रवास. सहा-सात तास मी एका अबोल्याच्या बरोब्बर मध्ये बसणार होते.

काकानं किल्ली फिरवली आणि आरशात आमच्याकडे बघितलं. “बसला का सगळ्या?”

“वैजू, सांग काकाला, बसलो,” आई म्हणाली.

“वैजू, म्हणावं, निघा,” काकू म्हणाली.

माझी आई आणि माझी काकू या सख्ख्या जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्याला चार वर्षं होऊन गेली होती. कारण ऐकून कुणीही हसेल, म्हणून आम्ही ते बाहेर सांगत नसू. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा त्या दोघांनी जमीन, दुकान आणि ही जीप एका चहात वाटून टाकली होती. स्वयंपाकघर मात्र “तुमचं तुम्ही बघा” म्हणून बायकांवर सोपवलं. त्यात पाटा आमच्याकडे आला आणि वरवंटा गेला काकूकडे. आई म्हणायची, मी पाटा नेऊन ठेवला आणि वरवंट्यासाठी परत गेले, तर तो गेलेला. काकू म्हणायची, पाटा न विचारता हलला म्हणून मी वरवंटा उचलला. असली वाटणी उभ्या जिल्ह्यात कुणी केली नसेल. तेव्हापासून आमचा पाटा मागच्या नळाखाली धुण्याच्या कामाला लागला होता आणि काकूचा वरवंटा वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी उभा होता. दोघींनी मिक्सर आणले होते. मिक्सरच्या चटणीला चव नाही असं दोघीही म्हणायच्या, पण आपापल्या घरात.

भांडण वाढू नये म्हणून दोघी बोलायच्या थांबल्या, आणि मग पहिला शब्द कुणी बोलायचा यावरच सगळं अडून बसलं.

आता माझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काकूच्या घरी पत्रिका पोचली होती, पण तिनं निरोप पाठवला होता, “कागदाच्या बोलावण्यावर मी येणार नाही. अक्कांनी तोंडानं ये म्हणावं, मग येते.” आणि आईचं म्हणणं, “मी थोरली. मी का आधी तोंड उघडू?” मला काकू हळदीला हवी होती. लहानपणी माझी वेणी तीच घालायची, आणि आईच्या हातची वेणी दुपारपर्यंतही टिकत नसे. पण ते दोघींपैकी कुणाला सांगून उपयोग नव्हता.

आज दोघी एका जीपमध्ये आल्या होत्या त्या केवळ रिवाज म्हणून. आमच्याकडे लग्नाची पत्रिका भवानीआईपुढं ठेवायची आणि तिची ओटी घरातल्या सगळ्या जावांनी एका ताटाला हात लावून भरायची, अशी पद्धत आहे. देवीपुढं न बोलता हात लावता येतो, एवढ्या तहावर दोघी निघाल्या होत्या.

कवठेमहांकाळ मागं पडेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. जीपच्या टेपनं कॅसेटची फीत खाल्ली होती, त्यामुळे गाण्यांचाही आधार नव्हता. शेवटी मला राहवेना.

“आपण खेळ खेळूया,” मी म्हणाले. “आमच्या डी.एड.च्या हॉस्टेलवरचा.”

“कसला ग?” काकानं लगेच विचारलं. बिचाऱ्याचाही जीव गुदमरला असावा.

“एकानं मनात चार अक्षरी शब्द धरायचा. बाकीच्यांनी तो ओळखायचा. त्यासाठी आपण आपला कुठलाही चार अक्षरी शब्द टाकायचा, आणि ज्यानं शब्द धरलाय त्यानं एकेका अक्षराचा ठावठिकाणा सांगायचा. अक्षर त्याच्या शब्दात त्याच जागी असलं तर म्हणायचं ‘घरात’. शब्दात आहे, पण जागा दुसरी, तर ‘अंगणात’. शब्दात नाहीच, तर ‘वेशीबाहेर’.”

“आणि काना-मात्रा?”

“त्याकडे बघायचं नाही. क असो, का असो, कुं असो, क मिळाला म्हणायचं. अशा खुणा जोडत जोडत शब्द पकडायचा. जो पकडेल, त्यानं पुढचा शब्द धरायचा.”

“आणि पहिल्या झटक्यात ओळखला तर?”

“पहिल्या फेरीत कुणीच ओळखत नाही, काका. पहिला शब्द म्हणजे अंधारात मारलेला खडा. त्याच्यावरून पुढं रस्ता सापडतो.”

“धर मग शब्द,” काका म्हणाला.

मी धरला. काकानं खडा टाकला, “कडबोळी.”

“क घरात. बाकी तिन्ही वेशीबाहेर.”

“म्हणजे क नं सुरू होतंय,” काका खूश झाला. “वहिनी, आता तुम्ही टाका.”

आई भिंतीवरून आता बाहेरच्या द्राक्षबागांवर आली होती. तिला खेळायचं नव्हतं, पण दिरानं सांगितलेलं टाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. “दरवाजा,” ती म्हणाली.

“द अंगणात. र घरात, व घरात. ज वेशीबाहेर.”

काकानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. “क, मग र, मग व...”

“करवंद,” काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“बरोबर!” मी ओरडलेच.

“दार एकीनं उघडायचं आणि आत शिरायचं दुसरीनं,” आई द्राक्षबागेला म्हणाली.

काका मोठ्यानं हसला आणि मीही हसले. काकू हसली नाही, पण पिशवीवरचा तिचा हात जरा सैल पडला असं मला वाटलं.

आता शब्द काकूनं धरायचा होता. तिनं फार वेळ घेतला नाही. “धरला,” ती म्हणाली. मी आईला कोपरानं ढोसलं.

“तळहात,” आई म्हणाली.

काकू माझ्याकडे वळली. “वैजू, त्यांना सांग...”

“अं हं. मध्ये पोस्टमन चालत नाही. ज्याचा शब्द, त्यानं स्वतः उत्तर द्यायचं. नियमच आहे.”

“मघाशी नाही सांगितलास हा नियम?”

“राहिला सांगायचा. पण पहिल्यापासून आहे.”

नियम मी त्याच क्षणी काढला होता. “आहे की,” काका म्हणाला, “आमच्या वेळी पण होता.” त्याला हा खेळ ऐकून अजून अर्धा तासही झाला नव्हता.

काकूनं एकदा काकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मान सरळ करून, माझ्या नाकासमोरून पलीकडे, ती म्हणाली, “वेशीबाहेर. चारही.”

इतक्या वर्षांनंतर माझी काकू माझ्या आईशी बोलली, आणि बोलली ती हे.

आईनं ते नीट ऐकून घेतलं. “बरं,” ती म्हणाली.

हे ‘बरं’ थेट होतं आणि माझ्याकडे बघून म्हटलेलं नव्हतं. काकाला एवढा आनंद झाला, की त्यानं रिकाम्या रस्त्यावर उगाचच हॉर्न वाजवला. मग त्यानं आपला शब्द टाकला, “पळवाट.”

“शब्दही तसलाच सुचायचा तुम्हाला,” काकू म्हणाली. “प घरात. ळ बाहेर. व घरात. ट अंगणात.”

मी मनात अक्षरं मांडत होते. प पहिला, व तिसरा, आणि ट चौथा नाही म्हणजे दुसराच. एवढ्यात आई म्हणाली, “पाटवडी. हिला दुसरं काय आठवणार?”

“बरोबर,” काकू म्हणाली.

सांगोल्यात आम्ही चहाला थांबलो. काकूचा चहा आईनं माझ्याकडे सरकवला आणि मी तो काकूकडे सरकवला, पण ‘कमी साखरेचा आहे’ हे आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. काकूला साखर कमी लागते. मला वाटलं, झालं आता, तुळजापूर येईपर्यंत गाडी रुळावर येणार. मी इतकी हुरळून गेले, की पुढं काय वाढून ठेवलंय याची मला कल्पनाच आली नाही.

मंगळवेढ्याच्या अलीकडे आईनं शब्द धरला. काकूनं खडा टाकला, “मळकट.”

नेमका त्याच वेळी समोरून उसाचा ट्रक आला, काकानं जीप खाली घेतली आणि आम्ही सगळ्या एकमेकींवर आदळलो. आईनं वरची दांडी धरली, पदर सावरला आणि त्या गडबडीत उत्तर दिलं, “म आणि ट बाहेर. क घरात. ळ अंगणात.”

काकू कामाला लागली. बोटांवर मोजत ती पुटपुटत होती, “क तिसरा. ळ पहिला तर येतच नाही. दुसरा नाही म्हणाल्या. म्हणजे शेवटी ळ.” आणि ती शेवटी ळ असलेला शब्द शोधत बसली. मैलामागून मैल गेले. मला काही सुचेना. काकानं विचारलं, “धुडकाळ?”

“हा काय शब्द आहे?”

“असेल की कुठंतरी.”

शेवटी काकूनं हात टेकले. “हरले. काय होता?”

“हळकुंड,” आई जरा ऐटीत म्हणाली. लग्नघर होतं, तिच्या डोक्यात तेच असणार.

काकू पुन्हा बोटांवर आली. ह, ळ, कुं, ड. दुसऱ्या बोटावर ती थांबली. “ळ तर जागेवरच होता. घरात होता आणि तुम्ही अंगणात सांगितलंत!”

“असं सांगितलं मी?” आई गोंधळली. “ट्रक आला होता ग मध्ये...”

“घरातल्याला अंगणात काढायची सवयच आहे काही जणांना.”

“शकू!”

“मी काय खोटं बोलले? त्या दिवशीही असंच. मी मूर्खासारखी शोधत बसले आणि तुम्ही मजा बघत बसलात.”

“मजा? त्या दिवशी परत आले तेव्हा जागा रिकामी होती, ती मी बघितली. मजा कुणी केली मग?”

“मला विचारलं होतं का आधी?”

“थोरल्या जावेनं धाकटीला विचारून हलायचं का घरात?”

काकानं जीप कडेला लिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. ज्वारीच्या रानावरून वारा येत होता आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“वैजू,” काकू म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि मला त्याचीच भीती वाटली. “ओटीच्या ताटाला मी हात लावीन. तुझ्यासाठी आले आहे, ते पुरं करीन. पण लग्नाचं बोलावणं मला आलेलं नाही, आणि येणारही नाही, हे आज समजलं.”

मला रडू फुटलं. एवढ्या मोठ्या मुलीला खेळाच्या पायी रडू यावं, आणि तेही आपणच काढलेल्या खेळाच्या. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या बाजूनं काकूनंही ठेवला. एकमेकींचे हात दिसताच दोघींनी ते मागं घेतले.

सोलापूर गेलं. पुढं तुळजापूरचा घाट लागायच्या आधी जीपनं वाफ सोडली. “तापली,” काका म्हणाला. “पाणी बघून येतो.” कॅन घेऊन तो समोरच्या वस्तीकडे निघून गेला. आम्ही तिघी मागच्या सीटवर तशाच राहिलो. खाली उतरायचं तर कुणीतरी आधी दार उघडायला हवं होतं, आणि आमच्यात तेही अवघडच होतं.

मंदिर आता डोंगराच्या वर, अगदी जवळ होतं. तासाभरात ओटी भरून झाली असती आणि परत निघायचं ते आपापल्या घरी. मी डोळे पुसत बसले होते.

“वैजू,” काकू म्हणाली, “मागचा शब्द कुणालाच ओळखता आला नाही, तर पुढचा कुणी धरायचा?”

मी चमकून बघितलं. ती सरळ समोर बघत होती. दोन्ही हात पिशवीवर होते.

“जो हरला त्यानं,” मी म्हणाले. हाही नियम नव्हता.

“म्हणजे मी.”

“हो.”

“मग धरलाय.”

खेळ पुढं सरकवायला म्हणून मी एखादा शब्द टाकणार होते. ‘ओळखीचा’ की ‘पायवाट’ असलंच काहीतरी ओठांवर होतं. तेवढ्यात आई म्हणाली, “वरवंटा.”

“आई, अगं असं नाही. आधी नुसता शब्द टाकायचा, मग खुणा...”

मी थांबले, कारण काकूचा चेहरा मला दिसला. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. नियमाप्रमाणे तिला उत्तर देणं भाग होतं.

“घरात,” ती म्हणाली. “चारही.”

मग तिनं पिशवीची गाठ सोडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तो काळा, गुळगुळीत दगड तिनं मांडीवर उघडा केला. त्याला तेल लावलेलं होतं.

“लग्नाचं पुरण मिक्सरवर वाटलं तर लगदा होतो,” ती रडत रडत म्हणाली. “हळद पण पाट्यावरचीच हवी. सकाळपासून म्हणतेय, देऊन टाकू, देऊन टाकू. तोंडच उघडेना, अक्का. म्हटलं, निदान खेळात तरी...” तिनं पदरानं नाक पुसलं. “पण तुम्ही ओळखलंत कसं? एक खूण नाही, काही नाही.”

आईनं वरवंट्यावर हात ठेवला. थोरलेपण सोडायला ती तेव्हाही तयार नव्हती. “न ओळखायला काय झालं? जीपमध्ये चढतानाच कळलं मला. वैजूच्या बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालायचा होता, तेव्हा त्याला कुंची घालून तूच मांडीवर घेऊन बसली होतीस. आज पिशवी अगदी तशी धरली होतीस.”

“नव्या नवरीला कुणी बाळ द्यायला तयार नव्हतं,” काकू रडता रडता हसली. “म्हणून वरवंटा दिला होतात तुम्ही.”

“बरं, आता तो झाक,” आई म्हणाली. “मला नको देऊस.”

काकूचा हात जागच्या जागी थांबला.

“घरी घेऊन जा,” आई म्हणाली, “आणि हळदीच्या आदल्या दिवशी घेऊन ये. पाटा मी घासून ठेवते. येताना राहायच्या तयारीनं ये, शकू. पुरण वाटायला मला दुसरं कोण आहे?”

आईनं तोंडानं बोलावलं होतं. काकूनं माझ्या पुढून हात लांब केला आणि आईचा हात घट्ट धरला, आणि मी मध्ये चेंगरून गेले. इतकं सुखाचं चेंगरणं मला पुन्हा कधी लाभलं नाही.

काका कॅन घेऊन परत आला. मागून आवाज येतोय म्हणून खिडकीत डोकावला, तर दोघी एकाच वेळी बोलत होत्या. नळाखाली घासून घासून पाट्याची छिन्नीनं मारलेली टाकी गेली असेल, ती परत मारून घ्यायला हवी, असं काहीतरी चाललं होतं. तो तसाच उभा राहिला आणि कॅनमधलं पाणी त्याच्या चपलेवर सांडत राहिलं.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“पाणी घाला गाडीत!” दोघी एकदम म्हणाल्या.

देवीपुढं ओटीच्या ताटाला दोघींचे चारही हात होते. लग्नात पुरण पाट्यावरच वाटलं गेलं, आणि ते वाटताना तीळभर जास्त वेलदोडा घालायचा की नाही यावरून दोघी इतक्या मोकळेपणानं भांडल्या, की बाबांना कान बंद करावे लागले. पाटा-वरवंटा आता कुणी ठेवायचा, यावर दोघी ‘तू ने’, ‘नाही, तुम्ही ठेवा’ करत राहिल्या. शेवटी ती जोडी माझ्या रुखवतात आली. सासरच्या माणसांनी तो दगडांचा जोड बघून बरंच नवल केलं.

मी पुढं शिक्षिका झाले. शाळेत शेवटचा तास रिकामा असला की अजून तो खेळ घेते. घरात, अंगणात, वेशीबाहेर. कितीतरी वर्ग शिकवून झाले, पण पहिल्या फेरीत, एकही खूण नसताना शब्द ओळखणारं मूल मला भेटलेलं नाही.

मागच्या दिवाळीत आईपाशी बसून मी मटार सोलत होते. शेजारच्या खोलीत काकू पाहुण्यांना तीच गोष्ट रंगवून सांगत होती. आपण पिशवी कशी धरली होती आणि अक्कांची नजर कशी घारीची, हे तिनं इतक्या वर्षांत शंभर वेळा सांगितलं असेल.

“पण आई,” मी सहज म्हणाले, “काकू जीपमध्ये चढली तेव्हा तू तर भिंतीकडे बघत होतीस.”

आईनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले.

“मी त्या दिवशी तिच्याकडे बघितलंच कुठं होतं?” ती म्हणाली. “पिशवी होती, हेही मला ती उघडल्यावर कळलं.”

“मग ओळखलंस कसं?”

“चार वर्षं दुसरा शब्द होता का माझ्या डोक्यात?” आई म्हणाली, आणि शेजारच्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला. “शकूला सांगू नकोस. उगाच डोक्यावर चढून बसेल.”